डॅशबोर्डमागचा डबा : एका कट सेक्शन मॉडेलच्या नोंदी

१४ जून २०२५

डबा मिळाला, म्हणजे गाडीत एसीची नि हीटरची हवा गार-गरम करून वाटणारा, डॅशबोर्डमागे दडलेला डबा. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये छतापर्यंत बुडालेली एक छोटी हॅचबॅक, टोटल लॉस म्हणून निकालात निघालेली, तेव्हापासून भंगारवाल्याच्या आवारात गवतात उभी होती. डॅशबोर्ड आधीच कोणीतरी काढून नेला होता, त्यामुळे आमचं निम्मं काम वाचलं. एरवी हा डबा बाहेर काढायचा म्हणजे स्टीअरिंग कॉलम खाली सोडा, अख्खा डॅशबोर्ड उतरवा, त्यामागचा आडवा लोखंडी बार सोडवा. सराईत मेकॅनिकचाही दिवस जातो. गॅसचे पाइप कापलेलेच होते, म्हणजे गॅस केव्हाच उडून गेलेला.

मी शिकवतो त्या पॉलिटेक्निकच्या ऑटोमोबाइल लॅबमध्ये एसीचा ट्रेनर (शिकवण्यासाठी स्टँडवर मांडलेला एसी) आहे. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, कूलिंग कॉइल, दोन प्रेशर गेज. गॅसचं चक्र त्यावर छान समजतं. पण कॉइल गार झाल्यावर पुढे काय, हवा तिच्यावरून कशी जाते, कुठे वळते, माणसाच्या तोंडावर की पायावर हे कोण ठरवतं, यातलं त्यावर काही नाही. म्हणून मग ‘एसी गार करत नाही’ या तक्रारीवर मुलांचं उत्तर ठरलेलं: गॅस संपला असेल. गॅरेजवालेही तेच सांगतात, कारण गॅस भरला की बिल करता येतं. माझं मत असं की अशा बऱ्याच गाड्यांत गॅस पुरेसा असतो, बिघडलेली असते ती हवेची वाट. ती डोळ्यांना दिसेल असं, डबा कापून आतलं उघडं केलेलं मॉडेल करायचं.

दुसरं एक कारण. नव्याने तयार होणाऱ्या एन२ आणि एन३ वर्गातल्या, म्हणजे साडेतीन टनांहून जड, ट्रकच्या केबिनला एसी आता सक्तीचा झालाय. आमच्या मुलांपैकी बरेचजण पुढे ट्रकच्याच वर्कशॉपमध्ये लागतात.

१७ जून

डबा उघडला. काळ्या प्लास्टिकचे दोन मुख्य अर्ध, कडेने स्क्रू आणि स्प्रिंगच्या पत्र्याच्या क्लिपा. डावीकडे, म्हणजे शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, ब्लोअर. मग कूलिंग कॉइल. गाडीच्या मध्यावर हीटर कॉइल आणि वाटा फोडणारे फ्लॅप, म्हणजे फिरणाऱ्या झडपा. हवेचा प्रवास डावीकडून मध्याकडे.

आत चिखल. तळाशी बोटभर जाडीचा, वाळून भेगाळलेला वाशिष्ठी नदीचा गाळ. त्याचा आपल्या विषयाशी संबंध नाही, तो पाणी जिथे साचलं तिथे बसलाय. बघण्यासारखी गोष्ट कूलिंग कॉइलच्या पुढच्या तोंडावर आहे. या गाडीला केबिन फिल्टर नव्हता (त्या काळातल्या खालच्या मॉडेलांना बहुधा नसायचा). पूर यायच्या आधीची कित्येक वर्षांची धूळ, केस, सीट कव्हरचे धागे आणि कसल्यातरी पिसांचा मऊ भाग यांचा नमदा कॉइलच्या पत्र्यांवर चिकटलाय, आणि तो सगळीकडे सारखा नाही. ब्लोअरचं तोंड जिथे कॉइलवर थेट येतं त्या वरच्या कोपऱ्यात जाड, खालच्या उजव्या टोकाला जवळजवळ नाहीच. हवा कॉइलवर कशी वाटली जात होती याचा नकाशाच आयता मिळाला. धुण्याआधी मुलांकडून फोटो काढून घेतले.

फ्लॅपच्या कडांवर स्पंजची पट्टी असते, फ्लॅप बंद झाला की ती दबून फट बुजते. इथे बोट लावलं की स्पंजचा काळा भुगा होतोय. जुन्या गाडीत एसी लावला की व्हेंटमधून काळे कण उडून कपड्यांवर पडतात, लोक म्हणतात ‘कचरा येतोय’, तो हाच.

२० जून

फ्लॅप मोजले. हवा घेताना एक: बाहेरची ताजी की आतलीच पुन्हा. तापमानाचा एक. आणि दिशा ठरवणारे दोन. चार फ्लॅपांवर सगळा कारभार.

एका विद्यार्थ्याने चांगला प्रश्न विचारला: ‘सर, नॉब निळ्याकडून लालकडे फिरवला की कॉइल कमी गार होते ना?’ नाही. या रचनेत सगळी हवा आधी कूलिंग कॉइलमधूनच जाते, तिला दुसरी वाट नाही. हीटर कॉइल मात्र अर्ध्याच मार्गात उभी आहे. तिच्या शेजारून मोकळी वाट आहे. तापमानाचा फ्लॅप त्या दोन वाटांच्या मध्ये उभा राहून किती हवा हीटरमधून आणि किती बगलेने जाईल ते ठरवतो. पुढे दोन्ही प्रवाह एकत्र मिसळतात. म्हणजे तापमान हे मिश्रणाचं प्रमाण आहे. एसीचं बटण बंद असेल तर कूलिंग कॉइल गार नसते इतकंच, हवा तिच्यातूनच जाते.

काही जुन्या गाड्यांत हीटरच्या पाण्याच्या पाइपवर एक व्हॉल्व्ह असायचा, थंडच्या बाजूला तो पाणी बंद करायचा. आपल्या डब्याला तो नाही. इंजिन तापल्यापासून हीटर कॉइलमधून ८०–९० अंशांचं पाणी सतत वाहतंय, मे महिन्यातसुद्धा, आणि त्याच्या नि तुमच्यामध्ये फक्त एक प्लास्टिकचा फ्लॅप आणि ती स्पंजची पट्टी.

२४ जून

ब्लोअर. पिंजऱ्यासारखा पंखा, पुढे झुकलेली आखूड पाती, हवा मधून आत ओढतो आणि परिघाने बाहेर फेकतो. गाळ काढून, बुश साफ करून बॅटरीला जोडला, चालला! पुरात बुडालेली मोटर चालेल असं वर्कशॉपमधल्या कोणालाच वाटलं नव्हतं.

चार स्पीड आहेत. एक ते तीन नंबरला करंट रेझिस्टरच्या तारांमधून येतो, चारला थेट. रेझिस्टर ब्लोअरच्या पुढे हवेच्या वाटेतच खुपसलेला असतो, कारण तो तापतो. पहिल्या नंबरला आम्ही ४ अँपिअर मोजले आणि रेझिस्टरवर ८ व्होल्ट पडत होते: ३२ वॅट नुसती उष्णता, एका बोटाएवढ्या तारेत. फिल्टर चोंदून हवा कमी झाली की याला थंडावा मिळत नाही, त्याचा थर्मल फ्यूज जातो, आणि मग गिऱ्हाईक येतं: ‘फॅन फक्त चारवरच चालतोय.’ रेझिस्टर बदलून देणारे बरेच, तो का जळला हे बघणारे थोडे.

आज सगळ्यात जास्त वाद झाला तो दुसऱ्याच गोष्टीवर. फुल स्पीडला १४ अँपिअर. मी म्हटलं, आता बाहेर पडायची सगळी तोंडं हाताने आणि पुठ्ठ्याने दाबा, करंटचं काय होईल? सगळ्यांनी एकमुखाने ‘वाढेल’ सांगितलं. मोटरवर लोड येणार ना! दाबली. आवाज चढला, फेरे वाढले आणि करंट दहाच्या खाली उतरला. हवाच जात नाही म्हटल्यावर पंखा काम कशावर करणार? मीटर बिघडलाय म्हणून दुसरा आणला, तोही तेच दाखवत होता. चोंदलेल्या फिल्टरची गाडी कानाने ओळखता येते ती यामुळेच: आवाज मोठा, वारा नाही.

२ जुलै

डब्याच्या उजव्या अंगाला खिडकी कापून ४ मिमी ॲक्रिलिक बसवलं. सिलिकॉन सुकायला या हवेत वेळ लागतोय, भिंतींनासुद्धा पाणी सुटलंय.

हवा दाखवायची कशी? उदबत्तीचा धूर ब्लोअरच्या तोंडाशी धरला तर पंखा तो इतका घुसळतो की खिडकीत नुसतं धुरकट दिसतं. कूलिंग कॉइलमधून हवा बाहेर पडते तिथे छोटं भोक पाडून धूर सोडला तेव्हा काम झालं. कॉइलच्या पत्र्यांमधून आलेली हवा बरीच सरळ असते, धुराची रेघ स्पष्ट दिसते आणि ती फ्लॅपशी येऊन दुभंगते. फ्लॅप हळूहळू फिरवला की रेघ हीटरच्या तोंडाकडे झुकत जाते. मुलं दहा मिनिटं काही न बोलता तेवढंच करत होती. कायमचं म्हणून आत लोकरीचे आखूड धागे चिकटवले, लाल आणि पांढरे.

५ जुलै

दिशेच्या फ्लॅपांची यंत्रणा आज उलगडली. या डब्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

बाहेरच्या अंगाला तळहाताएवढी प्लास्टिकची चकती आहे, नॉबची केबल तिला फिरवते. चकतीत दोन वेड्यावाकड्या खाचा. प्रत्येक खाचेत एका फ्लॅपच्या दांडीची खुंटी. चकती फिरते तशी खुंटी खाचेतून सरकते. खाच केंद्रापासून दूर गेली की फ्लॅप उघडतो, जवळ आली की मिटतो आणि केंद्राभोवती गोलाकार राहिली तोवर जागचा हलत नाही. नॉबवरच्या पाच खुणा, तोंड, तोंड-पाय, पाय, पाय-काच, काच, म्हणजे त्या दोन खाचांवरचे पाच मुक्काम. कुठेही वायर नाही, चिप नाही. मुलांना चकती कागदावर ठेवून खाचा आखायला लावल्या आणि कॅमच्या (फिरत फिरत दांडी हलवणाऱ्या अशाच चकतीच्या) धड्यातला विस्थापनाचा आलेख त्यावरून काढून घेतला. मशीनच्या थिअरीच्या सरांना हे फार आवडलं, चकती त्यांना हवी आहे. देणार नाही.

खुणेवर ‘फक्त पाय’ असलं तरी काचेकडची फट पूर्ण मिटत नाही, थोडी हवा वर जातेच. ते मुद्दाम आहे, काच धरू (वाफेने पांढरी होऊ) नये म्हणून. जुन्या अमेरिकन गाड्यांत हे फ्लॅप इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालायचे आणि त्यांची मांडणी अशी की व्हॅक्यूमची नळी फाटली तर हवा आपोआप काचेकडे वळावी. बिघडायचंच तर ड्रायव्हरला रस्ता दिसेल असं बिघडावं.

९ जुलै

बादलीत हीटिंग रॉड, छोटा पंप, हीटर कॉइलमधून ६० अंशांचं पाणी. लॅबमधली हवा २७ अंश. नॉब पूर्ण थंडवर.

व्हेंटमधून येणारी हवा ३० अंश! म्हणजे भुगा झालेल्या स्पंजच्या फटीतून गरम हवा चोरून मिसळत होती. नवीन पट्ट्या चिकटवल्या आणि पुन्हा तीच चाचणी: २७.५.

हा अडीच अंशांचा फरक गाडीत किती होईल याचं गणित फळ्यावर केलं. कूलिंग कॉइलवरून ८ अंशांची हवा निघाली, हीटरमधून निघणारी ७० अंशांची, आणि तिचा फक्त दहावा हिस्सा मिसळला तर आठाचे नऊ-दशांश ७.२ आणि सत्तरचा दशांश ७, मिळून १४.२. आठची हवा चौदावर गेली. गॅस पुरेपूर, गेजचे आकडे बरोबर, कॉम्प्रेसर निर्दोष, आणि गिऱ्हाईक म्हणणार गार करत नाही. अशा गाडीत गॅस जास्त भरला तर उलट दाब वाढून कूलिंग आणखी बिघडतं.

तपासायचं सोपं आहे. इंजिन थंड असताना एसी चांगला आणि इंजिन तापल्यावर मंद वाटला, तर हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप हाताने चाचपा. मग एका पाइपला क्लॅम्प लावून पाणी तात्पुरतं बंद करून पाहा. व्हेंटचं तापमान लगेच उतरलं तर फ्लॅप दोषी.

१३ जुलै

रविवार, पण नोंद करतो. कुंभार्ली घाटातून कराडला जाऊन आलो. पाऊस, ढग रस्त्यावर उतरलेले, गाडीत पाचजण ओल्या कपड्यांत. काच आतून धरली. मागून मेव्हण्याचा सल्ला: ‘एसी बंद करा दाजी, थंडीने धरतेय.’

हिशेब असा. आत २७ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २३ अंशांवर येतो. बाहेरच्या पावसाने काच त्याहून गार झाली की आतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसणार. उपाय: आतली हवा कोरडी करणे. कूलिंग कॉइल तेच करते, वाफेचं पाणी करून खालच्या नळीतून रस्त्यावर सोडते. पण ती हवा ५–७ अंशांची निघते, म्हणून पुढे हीटरवरून जाऊ द्यायची. ५ अंशांवर पाणी गाळून निघालेली हवा २५ पर्यंत तापवली की तिची आर्द्रता २७–२८ टक्क्यांवर येते. अशी हवा काचेवर सोडली की काच बघता बघता साफ. एसी चालू, नॉब मध्यावर किंवा लालकडे, हवा बाहेरची, दिशा काचेकडे. कितीतरी गाड्यांत काचेचं बटण दाबलं की एसी आणि बाहेरची हवा आपोआप सुरू होतात ते यासाठीच. ‘कोकणात हीटर कशाला हवा’ म्हणणाऱ्यांना याच घाटात आणावं.

दोन पुरवण्या. एसी मध्येच बंद करून फॅन चालू ठेवला तर ओल्या कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतं आणि काच एकदम पांढरी होते, वळणावर हे जिवावर बेतू शकतं. आणि काच बाहेरून धरली असेल (उकाड्याच्या पावसात, गार हवा थेट काचेवर सोडल्यावर होतं) तर आतून कितीही पुसा, उपयोग नाही. वायपर मारा आणि हवा तोंडाकडे वळवा.

मेव्हण्याला हे सगळं सांगितलं. पाटणपर्यंत तो झोपला होता.

२२ जुलै

पुराला चार वर्षं झाली. बॅचमधल्या दोन मुलांच्या घरात तेव्हा पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. डब्याच्या तळातला थोडा गाळ एका बरणीत ठेवलाय, मॉडेलशेजारी नको असं मुलांनीच सांगितलं. तिथे ठेवला नाही.

२९ जुलै

डबा कितीही चांगला असो, गाडीत हवा कोंबायला आधी आतली बाहेर जावी लागते. हे मॉडेलवर दाखवता येत नाही म्हणून कॉलेजची गाडी घेतली. मागचा बंपर उतरवला. दोन्ही कोपऱ्यांत पत्र्याला चौकोनी खिडक्या आणि त्यांवर रबराच्या झडपा, फक्त बाहेर उघडणाऱ्या. ब्लोअर फुल, हवा बाहेरची, चारही काचा बंद: झडपा फडफडताना दिसल्या. बटण दाबून आतलीच हवा फिरवली: झडपा मिटून गप्प. दार आपटलं की क्षणभर उघडतात, म्हणून तर दार लागतं. झडपा चिखलाने चिकटलेल्या गाडीचं शेवटचं दार जोर लावून आपटावं लागतं.

गाडी धावत असताना पुढच्या काचेच्या तळाशी हवेचा दाब जास्त असतो, डब्याचं बाहेरचं तोंड तिथेच ठेवतात. त्यामुळे ब्लोअर बंद असूनही थोडा वारा येत राहतो. (पावसाळ्यात झाडाखाली उभ्या गाडीत याच जाळीतून पानं आत जातात.) फोर्डने ऑक्टोबर १९६४ मध्ये कॉर्टिनाला मागे बाहेर पडायच्या जाळ्या देऊन या व्यवस्थेला ‘एरोफ्लो’ नाव दिलं आणि जाहिरातीत ते मिरवलं. त्याआधी बहुतेक गाड्यांत हवा बदलायची म्हणजे काच खाली.

एसी तर त्याहून जुना. पॅकार्डने १९३९ मध्ये आणलेल्या गाडीत कूलिंग कॉइल मागच्या सीटमागे होती, गारवा मानेवर यायचा आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. बंद करायचा तर बॉनेट उघडून बेल्ट काढा! १९५४ मध्ये नॅशने हीटर, ताजी हवा आणि एसी एकत्र करून सगळं पुढे आणलं. आमचा डबा त्याच घराण्यातला.

८ ऑगस्ट

मुलांना केबल नको, मोटर हवी. तापमानाच्या फ्लॅपला भंगारातला ॲक्च्युएटर (फ्लॅप फिरवणारी छोटी मोटर) बसवला. पाच वायर: दोन मोटरच्या, तीन आतल्या पोटेन्शिओमीटरच्या. फ्लॅप कुठे उभा आहे हे पोटेन्शिओमीटरचा व्होल्टेज सांगतो. ऑटो एसीचा (तापमान आपोआप राखणाऱ्या एसीचा) कंट्रोलर तेवढ्यावर चालतो. बॅटरी काढून लावली की बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डमागून घरघर येते ती या मोटरी दोन्ही टोकांना जाऊन आपली हद्द मोजत असतात म्हणून. आणि न थांबता टक-टक येत राहिलं तर आतल्या प्लास्टिकच्या गिअरचा दात गेलाय.

कंट्रोलरला केबिनचं तापमान कळतं ते स्टीअरिंगजवळच्या बारीक जाळीतून. जाळीमागच्या सेन्सरवरून केबिनची हवा ओढली जाते, बऱ्याचदा याच डब्यातल्या वाऱ्याच्या ओढीने. तिच्यावर स्टिकर लावू नये. काचेजवळ डॅशबोर्डवर काळा मणी दिसतो तो उन्हाचा सेन्सर. आपल्याकडे त्यावर हमखास रबरी मॅट असते, आणि मॅटवर गणपती. मग भर दुपारीही कंट्रोलरला वाटतं ढग आलेत. शेजारची काचेकडे हवा सोडणारी लांब फट अर्धी त्याच मॅटखाली. मुलांपैकी कोणीतरी म्हणालं, ‘सर, देवाला कसं हलवणार?’ चार बोटं पुढे सरकवा म्हटलं, तो रागावणार नाही.

२० ऑगस्ट

स्टँडला चाकं लावली, डबा बोल्टने बसवला. चारही फ्लॅपांना वेगवेगळा रंग आणि नावाची पट्टी.

पुढच्या आठवड्यात गणपती, मुंबईच्या गाड्या यायला लागतील आणि गावातल्या गॅरेजांत ‘मागे हवाच येत नाही’ सुरू होईल. मुलांना एवढं सांगून ठेवलं: आधी बघा मागे वेगळी कॉइल आणि वेगळा ब्लोअर आहे का. मोठ्या गाड्यांत असतो, छतात किंवा बाजूला. छोट्या गाड्यांत मधल्या कन्सोलमागचे व्हेंट म्हणजे याच डब्याला जोडलेली एक लांब नळी, तिच्या वाट्याला तोंडाकडच्या हवेतला हिस्सा येतो. पुढचे दोघे पायाकडे हवा लावून बसले तर मागे काहीच येत नाही. पुढच्यांना नॉब फिरवायला सांगा, गॅस भरायचा सिलिंडर बाजूलाच राहू द्या.

राहिलेलं: रेझिस्टरला संरक्षक जाळी (मुलं बोट घालणार), ब्लोअरच्या वायरीत २० अँपिअरचा फ्यूज, ॲक्रिलिकच्या खालच्या कडेला एक फट अजून शिट्टी मारतेय. चकती परत बसवली आहे, सुटा स्क्रू ड्रॉवरमध्ये.